वन हेच पहिले औषधालय : ग्रामसभा, वनसंवर्धन आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगातीरीच्या वनात फिरत असताना भगवान पुनर्वसू आत्रेय शिष्य अग्निवेशास सावध करतात. ऋतू, वायू, जल, भूमी यांची विकृती दिसू लागली आहे. तेव्हा भूमी विरस होण्याच्या आत, औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव नष्ट होण्याच्या आत त्या संग्रहित करून ठेवा, असे ते सांगतात. परीक्षेच्या दृष्टीने हा अध्याय आपण साथीच्या रोगांचा अध्याय म्हणून वाचला. परंतु त्यात एक दुसरी चिंताही आहे, ती आपल्या नजरेतून निसटते. रोगी उद्या येणारच आहे. पण त्या वेळी औषधी शिल्लक असतील काय, आणि असल्या तरी त्या औषधी राहिलेल्या असतील काय, हा आत्रेयांचा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे स्वतःला विचारला नाही, याची कबुली आरंभीच देणे इष्ट होईल.

सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या लहानशा औषधालयासाठी आम्ही नेहमीच्या बाजारातून अशोकत्वक् मागविली होती. त्या सालीचा क्वाथ देऊनही रक्तप्रदराच्या दोन रुग्णांना अपेक्षित उपशय मिळेना. आम्ही मात्रा वाढविली, अनुपान बदलले, निदानातच चूक झाली काय अशी शंका घेतली. अखेर द्रव्यगुणाच्या एका ज्येष्ठ अध्यापकांना साल दाखविली. त्यांनी ती मोडून पाहिली, जिभेवर ठेवली, भिंगाखाली धरली आणि शांतपणे सांगितले, ‘‘ही अशोकाची नव्हे, रस्त्याकडेला लावतात त्या आसुपालवाची आहे.’’ आम्ही व्यापाऱ्याकडे तक्रार केली, तेव्हा त्याने दिलेले उत्तर आजही आठवते : ‘‘डॉक्टरसाहेब, सगळ्यांना हीच जाते.’’

त्या व्यापाऱ्यावर सर्व दोष टाकून मोकळे होणे सोपे होते. पण विचार करता लक्षात आले की, साल कोणत्या जिल्ह्यातून आली, कोणी काढली, कोणत्या महिन्यात काढली, यांपैकी एकही प्रश्न आम्ही त्याला कधी विचारला नव्हता. आम्ही फक्त भाव विचारला होता. ज्याने केवळ भाव विचारला, त्याला भावाजोगीच साल मिळाली.

मागणी वाढली, मूळ आटले

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. या मंडळासाठी गोराया आणि वेद यांनी केलेला मागणी-पुरवठ्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होतो. त्यांपैकी २४२ वनस्पतींचा व्यापार प्रत्येकी वर्षाला १०० टनांहून अधिक आहे आणि या २४२ पैकी १७३ वनस्पती, म्हणजे ७२ टक्के, मुख्यतः वन्य स्रोतांतून येतात. २०१४-१५ या वर्षाची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन असल्याचा अंदाज या अभ्यासाने दिला आहे.

या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. आपल्या औषधालयाचा पहिला कक्ष आपल्या इमारतीत नाही, तो वनात आहे. आणि त्या कक्षाची किल्ली आपण कोणाच्या हाती दिली आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. बृहत्पंचमुळाचे उदाहरण घ्या. बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला, गंभारी हे सर्व वृक्ष आहेत. मूळ काढले म्हणजे वृक्ष गेला. दशमूलारिष्टाच्या प्रत्येक घाण्यामागे किती वृक्ष उपटले जातात, याचा हिशेब आपल्या खरेदीच्या वहीत कोठेच नसतो. गुग्गुळाच्या झुडपास अधिक निर्यास मिळावा म्हणून वाटेल तसे खोल छेद दिले जातात आणि ते झुडूप वाळून जाते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, तर सीता-अशोक असुरक्षित वर्गात. द्रव्य दुर्मिळ झाले की भेसळ येते, आणि भेसळ आली की चिकित्सेचे यश जाते. वनाचा ऱ्हास हा म्हणूनच केवळ पर्यावरणवाद्यांचा विषय नाही. तो आपल्या बाह्यरुग्ण कक्षात रोज येऊन बसतो.

वनवासी आजही आहेत

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, औषधींची नावे आणि रूपे वनात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई चारणारे आणि इतर वनवासी जाणतात. केवळ नाव-रूप जाणून भागत नाही, योग जाणणारा तो वैद्य, असे ते पुढे म्हणतात. आपण या वचनाचा उत्तरार्ध अभिमानाने सांगतो आणि पूर्वार्ध विसरतो. आपल्या शास्त्राने वैद्य आणि वनवासी यांच्यात ज्ञानाची वाटणी केली होती. दोघांत संबंध गृहीत धरला होता. तो संबंध आज तुटला आहे. मधल्या जागेत दलाल, अडत्या, घाऊक व्यापारी अशी साखळी आली आणि वनातून निघालेले द्रव्य आपल्यापर्यंत येईतो निनावी झाले.

परंतु ज्यांनी वन सांभाळले आणि पुन्हा उभे केले, असे वनवासी आजही आहेत. त्यांचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहकारी यांनी तेथे काही दशके जे काम केले, त्याचा गाभा अगदी साधा आहे. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा. आणि निर्णयापूर्वी त्या विषयाचा अभ्यासगट करून अभ्यास करायचा. एका व्यक्तीचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. ही पद्धत मंद आहे. पण जो नियम सर्वांनी मिळून केला, तो मोडण्यासाठी मग रात्रीच्या अंधाराची वाट पाहणारा कोणी उरत नाही.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ आल्यावर २००९ साली मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क कागदावर आला तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. तो प्रश्नही गावाने चिकाटीने लावून धरला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू तोडते, स्वतः विकते आणि कोणता भाग तोडायचा, कोणता राखायचा हे स्वतः ठरविते.

वैद्यांच्या दृष्टीने मेंढ्याची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची आहे. आग्या मोहोळाचा मध काढण्याची रूढ रीत म्हणजे धूर-जाळ करून पोळे समूळ उतरविणे. त्यात माश्या मरतात, पिल्लांचा भाग नष्ट होतो. मेंढ्यातील लोकांनी अभ्यास करून अहिंसक मधसंकलनाची पद्धत स्वीकारली. संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माशी जगते, पोळे पुन्हा भरते, आणि मध स्वच्छ मिळतो. आपण अनुपान म्हणून रोज ज्या मधाचे नाव लिहितो, त्याविषयी एवढा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल?

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानाचे उत्पन्न हे तेथील हमखास रोख उत्पन्न. परंतु पाने मिळविण्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, जंगलास वणवे लावले जातात, आणि पान अखेर विडीसाठीच जाते. हा विचार करून ग्रामसभेने तेंदूपानाची तोड थांबविली आणि बांबूच्या नियंत्रित तोडीवर उपजीविका उभी केली. वनाचा एक भाग देवराईप्रमाणे पूर्णपणे राखून ठेवला. गरीब गावाने पूर्ण विचारांती हातचे उत्पन्न सोडले, हे आपल्यासारख्या सुशिक्षितांनी थांबून पाहण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. २००६ च्या या अधिनियमात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख यांच्यासोबत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपल्या निघंटूंतील फार मोठ्या द्रव्यसमूहावर, जेथे हक्क मान्य झाले आहेत तेथे, ग्रामसभेची मालकी कायद्याने मान्य आहे. आपण मात्र अद्याप अडत्यालाच मालक समजतो.

हिरडा आणि बेहडा

गडचिरोली दूर वाटत असेल, तर सह्याद्रीकडे पाहू. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकर या पट्ट्यात महादेव कोळी समाजाच्या उपजीविकेत हिरड्याचे स्थान मोठे आहे. तेथे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा केला जातो. बाळहिरडा म्हणजे अपक्व फळ. झाडावरचे जवळजवळ सर्व फळ अपक्व अवस्थेतच उतरविले, तर पक्व बी जमिनीवर पडणार कसे आणि नवे रोप उगवणार कसे? संकलन करणाऱ्यांना हे कळत नाही, असे नाही. परंतु आपण थांबलो तर दुसरा कोणी काढून नेईल, ही भीती असते. आणि पक्व हरीतकीस वेगळा, चांगला भाव देणारा गिऱ्हाईक समोर नसतो. तो गिऱ्हाईक आपणच आहोत. त्रिफळ्यासाठी पक्व हरीतकी हवी, असे आपण व्याख्यानांत सांगतो, आणि खरेदीच्या वेळी जे स्वस्त मिळेल ते घेतो.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसराचे उदाहरण आहे. तेथे शासकीय वन अत्यल्प असून बहुतेक रान खासगी मालकीचे आहे. जुने बेहडे सरपण आणि कोळशासाठी तोडले जात होते. अशाच जुन्या बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश पक्षी घरटे करतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने गावकऱ्यांशी करार करून हे वृक्ष उभे ठेवले, फळांच्या संकलनाची व वाळवणीची शिस्त बसविली आणि हिरडा-बेहड्यास ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळविले. ते फळ इंग्लंडमधील एका वनौषधी कंपनीने चढा भाव देऊन घेतले. झाड तोडून एकदाच मिळणाऱ्या पैशांपेक्षा उभ्या झाडाचे दरवर्षीचे फळ अधिक मोलाचे ठरले, तेव्हा कुऱ्हाड आपोआप थांबली.

हे वाचून आनंद होतो आणि थोडी लाजही वाटते. आपल्या सह्याद्रीतील विभीतकाची कुलकथा परदेशातील खरेदीदाराने विचारली. त्रिफळा ज्यांच्या शास्त्राची, त्या आपण ती विचारली नाही.

कायद्याची सूट आणि ऋण

जैवविविधता अधिनियम २००२ साली झाला. वनस्पतींच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिक समाजास मिळावा, हे त्याचे एक प्रमुख तत्त्व. भारतीय कंपन्यांनाही हे बंधन लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सक, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना यातून सूट मिळाली.

उपजीविकेपुरती चिकित्सा करणाऱ्या वैद्यावर कागदपत्रांचा बोजा पडू नये, हे योग्यच झाले. आम्ही स्वतः त्या सुटीचे लाभार्थी आहोत. परंतु सूट मिळाली म्हणजे ऋण फिटले, असे नाही. ग्रंथ आपले आहेत हे खरे. पण ग्रंथात लिहिलेली हरीतकी कोणाच्या तरी रानात वाढते, कोणी तरी ती वेचते, वाळविते, वणव्यापासून राखते. कायद्याने जे मागितले नाही, ते धर्माने देय असू शकते. वैद्यकास आपण व्यवसाय न म्हणता व्रत म्हणतो, तर एवढे मान्य करावयास हवे.

आक्षेप

या विषयावर आम्ही काही औषधनिर्मात्या मित्रांशी बोललो. त्यांचे आक्षेप वाजवी आहेत. ग्रामसभेचा माल थोडा असतो, प्रत एकसारखी नसते, वेळेवर मिळेल याची खात्री नसते आणि भाव चढा पडतो.

आमचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका ग्रामसभेकडून आम्ही २०० किलो पक्व हिरडा थेट घेतला. त्यापैकी सुमारे ३० किलो पुरेसा न वाळल्याने बुरशीने गेला. नुकसान सोसावे लागले. ग्रामसभेच्या बैठकीत आम्ही ती बुरशी लागलेली फळे घेऊन गेलो, तेव्हा एका वृद्ध संकलक बाईंनी फळ हातात घेऊन सांगितले की, वाळवण जमिनीवर पसरल्याने खालून ओल धरली. मांडवावर पसरायला हवे होते, पण घाईने पोती भरावी लागली, कारण गाडी एकाच दिवशी येणार होती. गाडी आम्हीच ठरविली होती. म्हणजे चूक त्यांची एकट्यांची नव्हती. उरलेल्या १७० किलोंत मात्र एकही कीडलेले किंवा परके फळ आढळले नाही. बाजारच्या पोत्यात आम्हाला हे कधी अनुभवास आले नव्हते.

भावाविषयी एवढेच म्हणता येईल की, स्वस्त पोत्यातील माती, देठ, कीड आणि भेसळ वजा केल्यावर उरणाऱ्या द्रव्याचा भाव काढून पाहावा. शिवाय शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या द्रव्याची नोंद ठेवणे आपणास बंधनकारक आहेच. त्या नोंदीत अडत्याच्या नावापुढे गावाचे नाव लिहिता येणे, हा गुणवत्तेचाच पुरावा आहे.

विचारार्थ काही सूचना

१) प्रत्येक वैद्याने व औषधालय-चालकाने आपल्या नित्य वापरातील निदान पाच द्रव्यांविषयी तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या गावाहून आले, कोणत्या महिन्यात काढले, कोणी काढले. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

२) सर्व द्रव्ये एकदम थेट घेणे अशक्य आहे. हिरडा, बेहडा, आवळा, मध अशा, वनस्पतीस इजा न होता मिळणाऱ्या द्रव्यांपासून आरंभ करावा. फळे-फुले वनातून घ्यावीत. मूळ, साल, कंद शक्य तो लागवडीतून घ्यावेत, हा सामान्य नियम ठेवावा.

३) मागणी हंगामापूर्वी लेखी द्यावी आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. पक्व फळास अपक्व फळापेक्षा निश्चितपणे अधिक भाव द्यावा. केंद्र शासनाच्या २०१३-१४ पासूनच्या गौण वनोपज आधारभूत किंमत योजनेत हिरडा व मध यांचा समावेश आहे. तो भाव ही आपली किमान मर्यादा असावी, कमाल नव्हे.

४) एकट्या औषधालयाची मागणी लहान पडते. संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपल्या सभासदांची मागणी एकत्र करून ग्रामसभांशी बोलावे.

५) शाखांनी वर्षातून एकदा संकलकांसमवेत वनात शिबिर घ्यावे. ओळख, वाळवण, साठवण यांविषयी आपण सांगावे, आणि नाव-रूपाविषयी त्यांच्याकडून ऐकावे.

ग्रामसभांनी वन राखण्याचा निर्णय घेतला, त्या वेळी त्यांनी आपली वाट पाहिली नव्हती. आपल्याविना त्यांचे काम थांबणार नाही, हे खरे. परंतु राखलेल्या वनातील फळास योग्य भाव देणारे कोणी आले नाही, तर पुढच्या पिढीस ते वन राखण्याचे कारण देणे अवघड जाईल. तो भाव देण्यास ज्यांच्याकडे सर्वांत सबळ कारण आहे, ते आपण आहोत.

आत्रेयांनी अग्निवेशास औषधी संग्रहित करावयास सांगितले, तेव्हा वन विपुल होते. आज केवळ संग्रह करून भागणार नाही. जेथून संग्रह करावयाचा ते रान आणि ते रान राखणारी माणसे टिकली पाहिजेत. या हिवाळ्यात आम्ही त्याच ग्रामसभेकडून पुन्हा हिरडा घेणार आहोत. या वेळी गाडी दोन खेपांत पाठविण्याचे आणि वाळवणीच्या मांडवांचा खर्च निम्मा आम्ही उचलण्याचे ठरले आहे. वैद्यबंधू-भगिनींनीही आपापल्या परिसरात असा एखादा लहानसा आरंभ करावा आणि त्याचे बरे-वाईट अनुभव या त्रैमासिकास कळवावेत, अशी नम्र विनंती आहे.